लिनक्सवर आल्यावर कोणती साधने घ्यावीत?

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्ययावतता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) ची सोय किंवा पुरेसा नवा प्रोसेसर ज्यांच्या लॅपटॉपमध्ये नव्हता, अशा माझ्या परिचयातल्या अनेकांनी धडधाकट यंत्र भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली बसवली. मी मुद्रितशोधनाचे आणि संपादनाचे काम याच प्रणालीवर करतो हे त्यांना ठाऊक असल्यामुळे लगेच प्रश्न येतो : आता यावर कोणकोणती सॉफ्टवेअर टाकू? सोबत जुन्या संगणकावरच्या प्रोग्रॅमांची यादी असते आणि त्यातल्या प्रत्येकाला इथे एक जोडीदार हवा असतो.

त्या यादीतला बराचसा भाग सोडून द्यावा, असे माझे मत आहे. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करणारे, ड्रायव्हर शोधून आणणारे किंवा ‘संगणक वेगवान करणारे’ प्रोग्रॅम ज्या गरजांपोटी आले, त्या गरजाच इथे बहुतांशी उरत नाहीत. झिप उघडणे, पीडीएफ वाचणे, पडद्याचे चित्र टिपणे, घरातल्या दोन संगणकांमध्ये वायफायवरून फाइली पाठवणे (यासाठीचा वॉर्पिनेटर हा मिंटचाच आहे) ही कामे जे आधीच बसवलेले असते त्यावर होतात. काही दिवस काहीही न टाकता रोजचे काम करावे आणि जिथे हात खरोखर अडेल तिथेच साधन शोधावे. शोधताना मी एकच गोष्ट आधी पाहतो : या साधनात गेलेले माझे काम, उद्या ते साधन बंद पडले तरी, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येते का? एकदा प्रणाली बदललेल्या माणसाला तो प्रसंग पुन्हा येणार, हे गृहीत धरलेले बरे.

मराठी लिहिणाऱ्याचा हात सर्वांत आधी टंकलेखनात अडतो. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी येत असेल तर वेगळे काही घ्यावेच लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांत मराठी निवडली की काम सुरू होते. रोमन अक्षरांच्या उच्चारांवरून लिहिण्याची सवय असेल, तर आयबस (टंकलेखनाच्या पद्धती बदलून देणारा प्रोग्रॅम) आणि त्यासोबतचे एम१७एन हे पॅकेज बसवावे; त्यात इतर पद्धतींबरोबर गमभन या मराठी टंकलेखन-साधनाच्या सवयीची मांडणीही मिळते. मात्र कोणतीही पद्धत कायम करण्यापूर्वी ‘ॲड’, ‘ऑगस्ट’, ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’ हे शब्द लिहून पाहावेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतप्रणालीत २००८ साली आले, त्यामुळे जुन्या मांडण्यांत आणि जुन्या फाँटांत ते नेमके गळते. ‘ऱ्य’ साठी साधा र चालत नाही, नुक्त्याचा ऱ लागतो आणि इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबल्यावर मिळतो. लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निश्चित करणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण काही फाँट ल आणि श यांची मराठी वळणे ती सूचना मिळाल्यावरच दाखवतात. एरवी तेच फाँट हिंदी वळण देतात आणि लेखक उगाच नवा फाँट शोधत बसतो.

दुसरा अडसर जुन्या फाइलींचा. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटांत टंकलेला मजकूर फाइलीत मराठी म्हणून नसतोच. तिथे रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवण्याचे काम तो फाँट करतो. फाँट नसला की पानभर निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून जुना संगणक चालू आहे, फाँट बसलेले आहेत, तोवरच सगळे लेखन परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावे आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावे, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी, कारण परिवर्तनात त्यांच्याच जागा हलतात.

राखीव प्रतींबाबत एक गैरसमज फार आढळतो. मिंटमधले टाइमशिफ्ट प्रणालीची स्थिती जतन करते. एखाद्या अद्ययावततेने काही बिघडले तर कालच्या स्थितीत परत जाता येते. पण तुमच्या स्वतःच्या फाइली ते मूळ मांडणीत वगळते, आणि ते योग्यच आहे, कारण प्रणाली मागे नेताना आज लिहिलेले प्रकरणही मागे जाऊन चालणार नाही. लेखनाची प्रत त्यामुळे वेगळी घ्यावी लागते. देजा डुप हे साधन ठरावीक वेळी आपोआप प्रत घेते, जागाही वाचवते, परंतु ती उघडायला सहसा तेच साधन लागते. मिंटचे स्वतःचे बॅकअप साधन दर वेळी हाताने चालवावे लागते, पण त्यातून निघणारी टार फाइल (अनेक फाइलींचा एक गठ्ठा) कुठेही उघडते. विसराळू माणसाने पहिले घ्यावे. मी दुसरे वापरतो.

बाकीची साधने थोडक्यात सांगता येतील. पीडीएफची पाने लावण्यासाठी पीडीएफ अरेंजर आहे. छापील पानावरून मजकूर उचलण्यासाठी टेसेरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी पॅकेजसह जीइमेजरीडर घ्यावे. स्वच्छ छपाईवर ते चांगले चालते, खिळ्यांच्या जुन्या छपाईतली जोडाक्षरे मात्र त्याला झेपत नाहीत. कॉपी केलेल्या मजकुरांचा इतिहास ठेवणारे कॉपीक्यू संपादकाला अत्यंत उपयोगी आहे, पण ते पासवर्डही तितक्याच निष्ठेने जपून ठेवू शकते, याचे भान असावे.

ही सगळी साधने मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावीत. २०२४ च्या मिंट २२ पासून तिथे पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक (कोणत्याही लिनक्सवर चालणारी सॉफ्टवेअर-पॅकेजे) मूळ सेटिंगमध्ये दाखवलीच जात नाहीत. ती सोय कुणाच्या सांगण्यावरून बदलू नये.

आणि ज्यांच्या छापखान्याला पेजमेकर किंवा कोरल या विंडोजवरच्या मांडणी-सॉफ्टवेअरचीच फाइल हवी असते, त्यांना लिनक्सवरचा पर्याय मी सुचवत नाही. त्यांनी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका प्रणालीच्या आत दुसरी प्रणाली चालवणारा प्रोग्रॅम), इंटरनेट न जोडता, जुने विंडोज आणि परवाना असलेले ते सॉफ्टवेअर ठेवावे, आणि छापखाना पीडीएफ स्वीकारतो का, हे आधी एकदा विचारून घ्यावे; पुष्कळदा तो स्वीकारतो.