माळकरी ड्रायव्हर आणि वायनरी

फेब्रुवारीतली गोष्ट. फोनवर नाशिकचे एक काका होते. “हत्तरसंग कुडल, माचणूर, पंढरपूर आणि शेवटी अकलूजची वायनरी. एका दिवसात होईल का?” मी हिशेब करून भाडं सांगितलं, मग म्हणालो, “शेवटचं काय म्हणालात?”

सोलापूर स्टेशनवर उतरणारं गिऱ्हाईक तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर मागतं. वायनरी पहिल्यांदाच. त्यात माझ्या गळ्यात तुळशीची माळ. घरी बायको म्हणाली, “गाडी बाहेर लावा नि बाहेरच बसा.”

काका निवृत्त मास्तर, काकू बरोबर. गाडीत बसल्या बसल्या मास्तरांनी सुरू केलं, “द्राक्षं आणि वाईन म्हणजे नाशिक हो. तुमच्याकडे चादरी.” मी म्हटलं, “काका, सोनाका खाल्लीय ना? ती आमच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी काढलेली जात.” मास्तर गप्प झाले, पण तेवढ्यापुरतेच.

आम्ही भीमेच्या उलट्या अंगाने निघालो होतो, खालून वर. कुडलला सीना येऊन भीमेला मिळते. तिथलं ३५९ मुखांचं शिवलिंग लोक मोजत बसतात; मास्तर मात्र संगमेश्वराच्या देवळात मान वर करून शिलालेख शोधत राहिले. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. “वाछि तो विजेया होईवा”, जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीची मराठी आणि मला ड्रायव्हरला कळली, याचं मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त कौतुक. काकू म्हणाल्या, “आयुष्यभर पोरांना हेच तर सांगत होता.”

माचणूरला फार थांबलो नाही. घाटाच्या पायऱ्या, सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी किल्ल्याची पडकी भिंत. औरंगजेबाची छावणी इथं ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. एवढा मोठा बादशहा आणि चार वर्षं आमच्या नदीकाठी उन्हात! पुढं मंगळवेढ्यापर्यंत दोन्ही अंगांना काळी रानं आणि काढणीला आलेली मालदांडी ज्वारी. मंगळवेढ्यात चोखोबांना हात जोडले आणि पंढरपूर गाठलं. दर्शनाला रांग कमी होती, हे नशीब. काकूंनी चुरमुरे, बत्तासे, बुक्का असा प्रसाद घेतला आणि पिशवी डिकीत ठेवली.

पंढरपूर सोडताना मी एकदा कासेगावच्या दिशेला बघतोच. आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग त्या बाजूला होती. २०१४ च्या गारपिटीत अर्ध्या तासात घड जमिनीवर आले, काड्या सोलून निघाल्या. कर्ज फेडायला जमीन दिली आणि उरलेल्यात ही गाडी घेतली. मास्तरांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

वेळापूरचं अर्धनारी नटेश्वराचं हेमाडपंती देऊळ बघून अकलूजला पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते. इथं नदी नीरा. पुढं नरसिंहपूरला ती भीमेला मिळते. वायनरीचं नाव फ्रातेल्ली, इटालियनमध्ये ‘भाऊ’. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा भावाभावांनी मिळून काढलेली. मोटेवाडी, गारवाड, निमगावच्या मुरमाड माळावर बागा. बायकोचं ऐकून मी गाडीजवळच थांबलो होतो, पण समोर बाग होती. पाय तिकडं वळले.

घड बघून मला पहिल्यांदा कीवच आली. मणी वाटाण्याएवढे, काळेभोर, एकमेकांना चिकटलेले. आमच्या बागेत असा घड निघाला असता तर व्यापाऱ्यानं क्रेटकडं बघितलंही नसतं. आम्ही मणी फुगायला जिबरेलिकमध्ये घड बुडवायचो, विरळणीला बायका लावायचो. बाग दाखवणारा पोरगा म्हणाला, “इथं मणी बारीकच पाहिजे. रंग आणि वास सालीत असतो. मणी मोठा झाला की पाणी वाढतं, साल कमी पडते.” जात सांजोवेसे, इटलीतल्या टस्कनीची.

मास्तरांनी विचारलं, “इटलीत तोडणी सप्टेंबरात, इथं फेब्रुवारीत कशी?” पोरगा उत्तर जुळवत होता तोवर मीच बोलून गेलो, “तिकडं थंडीत वेल झोपतो, आपल्याकडं झोपतच नाही. म्हणून आपण दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करायला. ऑक्टोबरला फळछाटणी, घडासाठी. माल उन्हाळ्याच्या तोंडावर.” तिघंही माझ्याकडं बघायला लागले. पोरगा म्हणाला, “दादा, तुमची बाग कुठं?”

मी म्हटलं, “होती.”

त्यानं काही न विचारता खिशातला रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर मोजायची दुर्बीण, काढून माझ्या हातात दिला. मी एक मणी चिरडून काचेवर थेंब पाडला, उजेडाकडं धरून डोळा लावला. निळी-पांढरी रेघ २३ वर. इतक्या वर्षांनी हात जराही चुकला नाही. उरलेला मणी तोंडात टाकला. जाड साल, दोन बिया, आणि आमच्या थॉमसनपेक्षा कितीतरी गोड.

आत चव घेण्याचा कार्यक्रम झाला. मला माळ आणि स्टिअरिंग अशी दोन कारणं होती, कुणी आग्रह केला नाही. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, “अगंबाई, हा तर काढा!” मास्तर मात्र ग्लास फिरवत होते. त्यांनी तो माझ्या नाकाशी धरला. वास घेतला तर माळेला चालतं का, हे कुणाला विचारणार? घेतला. आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पहाटे शिरलं की यायचा, त्याच्या जवळपासचा काहीतरी होता.

निघताना मास्तरांनी एक बाटली घेतली. मी डिकी उघडली, बाटली कोपऱ्यात नीट लावत होतो, तेवढ्यात काकू मागून आल्या. “थांबा दादा,” म्हणत चुरमुऱ्यांची पिशवी त्यांनी उचलली आणि सोलापूर येईपर्यंत मांडीवर धरून बसल्या.