रेम्ब्रांटचा भिकारी बघताना

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३० साली उंचवट्यावर बसलेला भिकारी कोरला आणि त्याला चक्क स्वतःचा चेहरा दिला. छाप जेमतेम तळहाताएवढा. तोंड नीट बघा. त्यात विनवणीपेक्षा वैताग जास्त आहे, आणि म्हणूनच तो दयेचा नुसता विषय उरत नाही.

अशा छापाचं, म्हणजे एचिंगचं, तंत्र असं: तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघडं पडलेलं तांबं तेवढंच झिजतं. वेळ जास्त झाला की रेघा रुंदावतात, शेजारच्या रेघेत मिसळतात आणि चिंध्यांचा काळा डाग होतो.

स्पॅनिश चित्रकार मुरिल्योचा, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला भिकारी पोरगा मात्र तैलरंगातला. अंगावरच्या उवा टिपतोय, पायाशी कोळंबीची टरफलं. माझ्या मते भुकेचं एवढं नेमकं चित्र दुर्मीळ.