माझ्या दुःखाचा पंचनामा

येळवस, रात्र

मार्गशीर्षातली अमावस्या, अख्खं लातूर रानात. मागच्या येळवशीला डोकं दुखतंय सांगून घरीच पडून राहिले होते. यंदा गेले. उड्या मारत नाही, पण गेले. सकाळ अजूनही जडच जाते. पहाटे जाग येते आणि मग उठवत नाही. डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांचं असंच होतं, दिवस कलला की जरा मोकळं वाटतं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं! म्हणजे मी आळशी नव्हते तर.

कडब्याच्या कोपीत बसून भज्जी खाल्ली. तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वर बिंदगीतलं गार आंबील. चव लागली. मधे कित्येक महिने तोंडात काय चाललंय तेच कळत नव्हतं, म्हणून ही नोंद.

आत्यानं विचारलंच, "काय कमी हाय बाई तुला? नोकरी हाय, माणसं चांगली हायत."

या प्रश्नानं मला आतून पोखरलंय. आपल्याकडं रडायलाही कारण लागतं. सोयाबीन पाण्यात गेलं, सावकार दारात आला, तर लोक समजून घेतात. माझी ना नापिकी, ना कर्ज. तलाठ्यानं पंचनाम्यात लिहायचं तरी काय? गावात खरोखर बुडालेली माणसं दिसत असताना आपलं कसलं आलंय दुःख, म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होते. आता नाही घालत. कधी घालतेही, पण लगेच ध्यानात येतं.

"कमी काही नाही आत्या. आजार आहे, गोळी चालू आहे."

ती जरा थांबली. "जेवणाआधी का नंतर?"

नंतर. सुरुवातीला नुसती मळमळ व्हायची, फरक काहीच नाही. दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, हे आधीच बजावलं होतं म्हणून टिकले. डॉक्टरांकडे जायचं धाडसही टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, बोलल्यावरच आलं. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. २०२२ पासून आहे म्हणे, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

निघताना आत्यानं मला बांधाकडं ओढलं. सून बाळंतपणापासून बोलत नाही नीट. नंबर घेतला. नाव काय टाकू विचारलं, तर म्हणाली, "मानसबाई लिही. कुणी बघितलं तर शिलाईवाली म्हणून सांगंल."