तुम्ही विचारलंत म्हणून: दोष घराण्यातच आहे का?

माझ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन, एक्झॉन १९’ अशी ओळ आली, म्हणजे पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या एका जनुकाच्या एकोणिसाव्या तुकड्यात बदल सापडला, तेव्हापासून भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो की दोष जनुकातच आहे, म्हणजे तो तुमच्या घराण्यातच असणार ना? उत्तर नाही असे आहे. तपासला गेला तो गाठीचा तुकडा. हा बदल माझ्या जन्मानंतर केव्हातरी फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत घडला, तो मला आईवडिलांनी दिला नाही आणि मी तो मुलाला दिलेला नाही. भावाच्या मुलीला तर मी काहीच देत नाही, हे सांगावे लागू नये, पण लागले.

तिला पाहायला मंडळी आली होती. पत्रिका आधीच जुळली होती. माझ्या गोळ्यांमुळे नखांच्या कडा सुजून पिकतात, म्हणून दोन बोटांना पट्टी होती आणि त्याच हाताने मी पोह्यांच्या बश्या पुढे केल्या. मुलाच्या मामांनी सहज विचारले, “बोटांना काय झालं?” विळी लागली म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. मी अहवालातली ओळ सांगितली, आणि त्यांचा चेहरा पाहून, तीस वर्षे जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने करावे तेच केले: समोरचे पत्रिकेचे पाकीट उलटे केले आणि त्यावर पेशी काढून समजावू लागले. जन्मतः प्रत्येक पेशीत असणारा बदल वेगळा, एकाच पेशीत नंतर झालेला वेगळा. त्यांनी शांतपणे ऐकले, चहा घेतला, पाकीट घडी न घालता खिशात ठेवले. चौथ्या दिवशी निरोप आला की नाडी जमत नाही. भाऊ एवढेच म्हणाला, “ताई, विळी म्हणायला काय हरकत होती?” खरोखरच नाडीचे कारण असेलही, पण मी अजून ते पाकीटच आठवत बसते.

विचारणाऱ्यांना सरसकट अडाणी म्हणणेही अन्यायाचे आहे, कारण स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांतले काही बदल खरोखरच वारशाने येतात आणि वर्तमानपत्रांतून लोकांनी वाचलेले असते ते त्यांच्याविषयीच. शिवाय वर्गात मीच फळ्यावर एक बाण काढत असे: इकडे उत्परिवर्तन, तिकडे गाठ. तो बाण आता मला पुसायचा आहे. २०१५ साली इंग्लंडमध्ये चार जणांच्या पापण्यांची शस्त्रक्रियेत काढलेली, दिसायला निरोगी त्वचा तपासली, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून अधिक पेशींत कर्करोगाला चालना देणारी म्हणून ओळखली जाणारी उत्परिवर्तने सापडली. २०१८ साली अन्ननलिकेत तर असे दिसले की मध्यमवयापर्यंत निम्म्याहून अधिक अस्तर अशा बदललेल्या पेशींच्या वसाहतींनी व्यापलेले असते, आणि त्यांतला नॉच१ या जनुकातला बदल अन्ननलिकेच्या कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच अधिक आढळतो. म्हणजे पाहायला आलेल्या मंडळींच्या घशातही तो बहुधा होता. हे मी त्या दिवशी बोलले नाही, एवढे तरी शहाणपण सुचले.

मग माझीच पेशी का बिथरली, हे विचारले की मात्र माझा आवाज खाली येतो. २०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या संशोधकांनी निरोगी फुप्फुसांचे २९५ नमुने तपासले. १८ टक्क्यांत ईजीएफआरमधले आणि ५३ टक्क्यांत केआरएएस या वाढीशी संबंधित दुसऱ्या जनुकातले असे बदल होते, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत हवेतल्या सूक्ष्म कणांनी दाह निर्माण होऊन आधीच बदललेल्या पेशी वाढीला लागत होत्या. मी सव्वीस वर्षे हमरस्त्यावरून, ट्रकांच्या मागून, स्कूटरने कॉलेजला गेले. हे कारण मला सोयीचे वाटते, कारण त्यात दोष रस्त्याचा आहे, घराण्याचा नाही. आणि सोयीचे वाटते म्हणूनच मी त्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. फळ्यावरची बाई निदान ठामपणे बोलत असे.

मागच्या आठवड्यात भाचीने विचारले, “आत्या, मी एकदा तपासून घेऊ का?” मी तिला रागावलेच, ही सगळी वाक्ये पुन्हा ऐकवली आणि गरज नाही असे सांगितले. रात्री उठून प्रयोगशाळेचा नंबर मीच तिला पाठवला.