दोन पाळ्यांचे एक घड्याळ

सकाळी साडेसात वाजता चहाचा कप घेऊन मी संगणकासमोर बसलो आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले, तर रात्रीचे दोन वाजले होते. खिडकीतून उन्हाची तिरीप थेट टेबलावर पडली होती, खालच्या मजल्यावर कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि यंत्र मात्र निवांतपणे दोन वाजल्याचे सांगत होते. मी घड्याळ हाताने जुळवले आणि कामाला लागलो. चार दिवसांनी तेच घडले, पुन्हा जुळवले, पुन्हा तेच. एखादे घड्याळ मागे पडते म्हणून कोणी फारसे बेचैन होत नाही, आणि मीही झालो नसतो. परंतु त्याच आठवड्यात एका पुस्तकाची अंतिम प्रत मुद्रकाकडे पाठवायची होती. सकाळी सातला जतन केलेली एक प्रत होती आणि दहाला शेवटच्या दुरुस्त्या करून जतन केलेली दुसरी. या दुसरीवर पहाटे साडेचारची वेळ पडली होती, त्यामुळे तीच जुनी समजून मी बाजूला टाकली आणि बिनदुरुस्तीची प्रत पाठवून मोकळा झालो. मुद्रकाचा फोन वेळेवर आला म्हणून निभावले.

माझ्या या संगणकात विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रणाली, नांदतात. मुद्रितशोधनाच्या कामात अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेल्या फाइली येतात. तो फॉन्ट आणि तो मांडणीचा प्रोग्रॅम हाताशी नसेल, तर ‘ज्ञानेश्वरी’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती रांगोळी दिसते. त्या कामासाठी विंडोज ठेवावे लागते. माझे स्वतःचे लेखन मात्र लिनक्सवर चालते, कारण तेथे कोणी मधूनच येऊन काही सुचवत नाही. यंत्र सुरू केले की काळ्या पडद्यावर दोन नावे येतात आणि निवड करण्यासाठी दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत मला त्या दिवशी कोणते काम करायचे आहे, हे बऱ्याचदा पहिल्यांदा कळते.

एका घरात दोन बिऱ्हाडे म्हणावे, तर ती उपमा येथे जुळत नाही. दोन बिऱ्हाडे निदान भांडतात, नळावर भेटतात, एकमेकांकडे विरजण मागतात. विंडोज आणि लिनक्स यांची माझ्या यंत्रात आजवर एकदाही गाठ पडलेली नाही, कारण एक जागे असते तेव्हा दुसरे नसतेच. मला त्यांच्याकडे पाहून गिरणगावातल्या खोल्या आठवतात. दिवसपाळीचा कामगार भोंगा झाला की उठून जायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा. अशा दोघांना एकमेकांची ओळख पटायची ती मागे राहिलेल्या वस्तूंवरून. माझ्या यंत्रातही या दोघांमध्ये सामाईक अशा दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे डिस्क आणि दुसरे भिंतीवरचे घड्याळ, म्हणजे मदरबोर्ड या आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरचे ते लहानसे घड्याळ, जे वीज गेली तरी एका नाण्याएवढ्या सेलवर चालू राहते.

माझा संशय अर्थातच त्या सेलवर गेला. त्याचे नाव सीआर २०३२. व्यास वीस मिलिमीटर आणि जाडी तीन पूर्णांक दोन मिलिमीटर, हे त्या आकड्यातच लिहिलेले असते. मी कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणला, संगणकाची बाजूची पत्र्याची झडप काढली, आत साचलेली चार वर्षांची धूळ पुसली, जुना सेल काढून नवा बसवला आणि विजयी मुद्रेने झडप लावली. दोन दिवसांनी सकाळचे आठ वाजले असता यंत्राने अडीच दाखवले.

शेवटी भाच्याला फोन केला. त्याने माझे सगळे पुराण ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“मामा, घड्याळ नेमकं किती मागे आहे?”

“बरंच मागे आहे रे.”

“बरंच नको. तास आणि मिनिटं सांग.”

मी सांगितले, साडेपाच तास. पलीकडून तो हसला. “मग सेल कशाला बदललास? सेल संपला असता तर कुठल्या तरी जुन्याच सालात गेला असतास. बरोब्बर साडेपाच तास कोण हरवतं?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साडेपाच तास म्हणजे ग्रिनिच आणि आपण यांच्यातले अंतर. घड्याळ चुकत नव्हते. त्याच्या काट्यांचा अर्थ दोघे दोन प्रकारे लावत होते. लिनक्सची अशी समजूत असते की मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवायची आणि पडद्यावर दाखवताना तीत त्या-त्या देशाचा फरक मिळवायचा. विंडोजची समजूत अशी की त्या घड्याळात जी वेळ असेल, तीच या गावची वेळ. लिनक्स इंटरनेटवरून अचूक वेळ घेते आणि दर अकरा मिनिटांनी इमानेइतबारे ती घड्याळात लिहून ठेवते. मग विंडोजची पाळी येते, ते भिंतीकडे पाहते आणि ‘दोन वाजले’ असे म्हणते. उलट विंडोजने घड्याळ आपल्या पद्धतीने जुळवून ठेवले, तर लिनक्स जागे झाल्यावर त्यात आणखी साडेपाच तास मिळवते आणि संध्याकाळी साडेसातला रात्रीचा एक वाजवते. नेटवरून वेळ मिळताच ते स्वतःला सावरत असे, त्यामुळे ही दुसरी बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती.

दोघांच्या या सवयी त्यांच्या बालपणापासूनच्या आहेत. विंडोजचे मूळ ज्या यंत्रात, त्या १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये सेलवर चालणारे घड्याळच नव्हते. यंत्र सुरू केले की ते माणसालाच तारीख आणि वेळ विचारायचे. टेबलाशी बसलेला माणूस मनगटावर पाहून सांगणार ती वेळ त्याच्या गावचीच असणार, हे उघड आहे. १९८४ साली आलेल्या एटी या नमुन्यात घड्याळ बसवले गेले आणि तेथेही तीच रीत पुढे चालली. लिनक्स ज्यातले, ते युनिक्स या जुन्या प्रणालीचे घराणे वेगळे. तेथे एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत, कोणा एकाच्या मनगटावरची वेळ धरून भागत नसे, म्हणून त्या घराण्यात काळ मोजतात तो ग्रिनिचच्या १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांत. त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. हाच लेख एखाद्या लंडनकराला लिहायचा असता, तर हिवाळाभर त्याला काही सुचले नसते, कारण तेव्हा तेथे गावची वेळ आणि जागतिक वेळ एकच असते. मार्चच्या अखेरीस घड्याळे तासभर पुढे सरकली की मग त्याच्या घरी वाद सुरू झाला असता.

आपल्याला हा वाद नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतासाठी प्रमाणवेळ ठरली, ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ दहा अंश. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा सूर्य एकोणचाळीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. मुंबईने आपली वेळ सोडायला सपशेल नकार दिला आणि ग्रिनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकवला. गाडी स्टँडर्ड टाइमने सुटायची आणि शहरातले कित्येक व्यवहार बॉम्बे टाइमने व्हायचे. माझे आजोबा गिरगावात राहत. कोणी ‘दहाला येतो’ असे सांगितले की ‘कुठल्या दहाला?’ असे विचारायची त्यांची सवय पुढे पुण्यात आल्यावरही सुटली नाही, आणि आम्हा नातवंडांना तो त्यांचा तिरकसपणा वाटे. माझ्या यंत्राला हा प्रश्न विचारता आला असता, तर मला झडप उघडावी लागली नसती.

उपाय दोन होते. लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ मानायला लावता येते. तसे केले की ते ऐकते, पण ही पद्धत धड नव्हे अशी नाराजीची सूचना पडद्यावर छापते. दुसरा उपाय म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या आतल्या वहीत, एक नोंद करणे. त्या नोंदीचे नाव ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ असे आहे आणि तिची किंमत एक ठेवायची असते. खरा काळ वैश्विक आहे, हे उपनिषदात शोभावे असे वचन कोणा अभियंत्याने सहज लिहून ठेवले असेल, या विचारानेच मी हा दुसरा उपाय निवडला. वर्षातून दोनदा घड्याळे सरकवणाऱ्या देशांत तर स्थानिक वेळेचा आग्रह महागात पडतो, कारण दोन्ही प्रणाली आपापल्या परीने तास पुढे ढकलतात आणि घड्याळ दोन तास सरकते. आपल्याकडे ती धास्ती नाही.

घड्याळ मार्गी लागल्यावर सामाईक डिस्कचे दुखणे पुढे आले. दोन्हींकडून वापरता यावा म्हणून पुस्तकांच्या फाइलींसाठी मी एक वेगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र कप्पा, ठेवले आहे. लिनक्स ते वाचू देत होते, लिहू देत नव्हते. कारण विचारल्यावर ते सांगे की विंडोज अद्याप येथून गेलेलेच नाही. मी स्वतःच्या हाताने यंत्र बंद केले होते, तरीही. शोध घेता कळले की २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटले की उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा आपली सारी स्थिती डिस्कवर लिहून नुसता डुलकी घेतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर उठता यावे. फाइलींच्या वह्या तशाच अर्ध्या उघड्या राहतात. आपल्याकडे निरोप घेताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. विंडोजही ‘येतो’ म्हणून उठते आणि सामान खोलीतच ठेवते. त्या सामानाला हात लावायचा नाही, हा लिनक्सचा सभ्यपणा आहे, आणि तो मला आधी आडमुठेपणा वाटला होता याची थोडी लाज वाटते. गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ केले तर विंडोज खरोखरच सगळे आवरून जाते. म्हणजे पुरते बंद करायचे असेल तर पुन्हा सुरू करा म्हणायचे. मी पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘फास्ट स्टार्टअप’ कायमचे बंद केले. आता विंडोज उठायला थोडा वेळ घेते. तेवढ्यात चहा गाळून होतो.

एकदा रिकामे समजून मी भलतेच पार्टिशन पुसले आणि दोन नावांच्या यादीऐवजी, ती यादी दाखवणाऱ्या ‘ग्रब’ या प्रोग्रॅमची हाक, ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द पडद्यावर उरले, ती हकिकत येथे सांगत नाही. ती पूर्णपणे माझी करणी होती आणि तिला दीड दिवस लागला.

परवा खातरजमा म्हणून दोन्ही प्रणाली एकामागोमाग सुरू करून पाहिल्या. लिनक्समध्ये सात बेचाळीस, विंडोजमध्ये सात सेहेचाळीस. मधली चार मिनिटे जाण्यायेण्यातली. उगाच बदललेला जुना सेल टाकवला नाही म्हणून टेबलाच्या खणात ठेवला होता. तो सौभाग्यवतींना सापडला आणि त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या बंद पडलेल्या वजनकाट्यात घातला. काटा पहिल्या दमात चालू झाला. माझ्या आठवडाभराच्या खटपटीतून घरात नेमके काय दुरुस्त झाले, असे त्यांना विचारले, तर त्या काट्याकडे बोट दाखवतात.