आपटताना बघायलाच जाता ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. फॉर्म्युला ड्रिफ्ट, म्हणजे गाड्या मुद्दाम आडव्या घसरवत चालवायची स्पर्धा, न्यू जर्सीत आली की मी तिथे असते, आणि मग मंडळाच्या पुढच्या जेवणात श्रीखंड वाढता वाढता कोणीतरी विचारतंच, "खरं सांगा, गाड्या आपटताना बघायलाच जाता ना?"

नाही. आपटलेल्या गाडीत बघायचं काय? बघायचं असतं ते त्याच्या अलीकडचं. पूर्वी ती व्हायची ते वॉल स्टेडियमच घ्या. १९५० सालचा, मैलाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा लंबगोल ट्रॅक. वळणं तिरकी उचललेली, कडेला काँक्रीटची भिंत. गाड्या दोन-दोन सुटतात. पुढचा सुसाट येतो, हँडब्रेक ओढतो, गाडीची मागची बाजू भिंतीकडे फेकतो आणि स्टिअरिंग उलटं मारून तशीच आडवी नेतो. दुसरा त्याच्या दाराला चिकटून, तेवढाच आडवा. मग जागा बदलायच्या, मघाचा मागचा आता पुढे. पहिला कोण आला याला इथे अर्थ नाही. गाडी कुठून नेली, किती आडवी नेली आणि मागच्याने पुढच्याला किती जवळून धरून ठेवलं, यावर परीक्षक निकाल देतात. त्यांनाही ठरवता आलं नाही की पुन्हा लढत. तीच हवी असली की अख्खं स्टँड "वन मोअर टाइम" ओरडतं. मीही, घसा बसेपर्यंत. रबराचे काळे कण केसांत जातात, नाचोजच्या चीजवरही बसतात.

टायर फुकट जळतात म्हणता, ते खरंच आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण आपटण्याचं विचारलंत की मला आबा आठवतात. ते इथे आले होते तेव्हा मीच हौसेने त्यांना नेलं. जन्मभर एसटी चालवली, कोल्हापूर-रत्नागिरी, पावसाळ्यातला आंबा घाट. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. म्हटलं, यांच्याइतकं हे कोणाला कळणार! आणि कळत होतंच. "उलटं स्टेरिंग बरुबर मारतोय," असं स्वतःशीच म्हणाले. फक्त उजवा पाय पुढच्या बाकाच्या पत्र्यावर दाबून बसले होते, आणि दर वळणाला तो पत्रा वाजायचा.

मग एका लढतीत पुढची गाडी मागून भिंतीला लागली, उलट फिरली आणि तोंडाने पुन्हा भिंतीवर गेली. बॉनेट वर आलं, वाफ निघाली. सगळे ताडकन उभे राहिले. आबाही उठले, पण ते जिन्याकडे निघाले, खाली. त्याला बाहेर काढायला! मी त्यांचा शर्ट धरला. "आबा, त्यांची माणसं आहेत." तोवर ड्रायव्हर खिडकीतून बाहेर येऊन हात हलवत होता.

आबा खाली बसले. "टाळ्या कशापायी वाजवत्यात?"

"तो सुखरूप बाहेर आला म्हणून."

"त्याच्या आधीपासनं वाजत हुत्या, पोरी."

परतताना गार्डन स्टेट पार्कवेवर मी त्यांना रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी नळ्यांचा पिंजरा), हेल्मेट, पट्टे, तयारीत उभी असलेली आगीची गाडी, सगळं समजावत बसले. ते "हूं, हूं" म्हणत होते आणि माझ्या ब्रेकवर लक्ष ठेवून होते.

त्या दिवशीच्या मला आज सांगावंसं वाटतं की बाई, तू रोल केजचं काय सांगतेस, त्यांनी टाळ्यांचं विचारलं होतं. पण लगेच वाटतं, ओरडणं म्हणजे टाळी नव्हे. भीतीनेही माणूस ओरडतोच की. ती लढत माझ्या फोनमध्ये आहे. भिंतीचा आवाज, आणि त्याला लागूनच माझा. हेडफोन लावून ऐकलं, तरी ती भीती होती की मजा, मला सांगता येत नाही. तुम्हाला ऐकवणार नाही, तुम्ही लगेच ठरवून मोकळे व्हाल.

यंदाचं तिकीट काढलंय. वरच्या रांगेतलं, कारण तिथून दोन गाड्यांमधलं अंतर नीट दिसतं. त्यात दुसरं कारण शोधू नका.