ताडपत्रीखालची पट्टी

पहाटे 5 वाजून 10 मिनिटांनी फोन आला : फाट्याजवळ उभ्या ट्रॅक्टरवर मोटरसायकल आदळली. रात्रपाळी संपत आली होती, मी पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी आवरत होतो. डिसेंबर म्हणजे आमच्या यवतमाळकडे कापसाचे दिवस. सकाळी खरेदी केंद्रावर नंबर लागावा म्हणून ट्रॉल्या रात्रीच निघतात. त्या महिनाभरात पहाटे फोन वाजला की आम्ही आधी टॉर्च उचलतो.

पोचलो तेव्हा मोटरसायकलवरच्या पोराला तिथून नेलेलं होतं. दुधाच्या पिकअपवाल्यानं 108 ची वाट न पाहता त्याला कॅनच्या मध्ये निजवून तालुक्याला पोचवलं आणि तो परत फाट्यावर येऊन उभा राहिला. मी नाव विचारलं तसा हात जोडायला लागला. "माहं नाव नका लिहू साहेब. कोर्टात चकरा कोण मारंल?" त्याला मी सांगितलं, मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलंय, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, आणि सांगितलं तर 'राहवीर' म्हणून 25,000 रुपयांच्या बक्षिसाला नाव पाठवता येतं. त्याचा विश्वास बसला नाही. त्याला दोष कसा देऊ? पन्नास वर्षं आम्हीच लोकांना ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवलं, ते एका कलमानं विसरत नाहीत.

ट्रॉली पंक्चर होऊन अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर उभी होती. मागं दहा पावलांवर तीन दगड आणि बोराटीची एक फांदी. अंधारात साठच्या वेगानं येणाऱ्याला दहा पावलं म्हणजे काहीच नाही. शेतकरी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. ट्रॅक्टरचा दिवा त्यानं बॅटरी उतरू नये म्हणून बंद ठेवला होता, आणि ट्रॉलीच्या मागच्या लाइटची वायर केव्हाची तुटलेली.

"रिफ्लेक्टर कुठाय?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

त्यानं मान वर केली. "जमादार साहेब, पट्टी तं तुम्हीच लावून देली होती नं, जिनिंगपाशी."

मी मागं गेलो. कापूस फाळक्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेच्या, वर हातभर चढलेला, त्यावर ताडपत्री, आणि तिचं टोक मागं लोंबत होतं. ते उचललं आणि टॉर्च मारला. लाल पट्टी लखकन पेटली. एका कोपऱ्यातही सुटली नव्हती.

ती माझ्याच हाताची होती. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर आम्ही सत्तरेक ट्रॉल्यांना पट्ट्या लावल्या होत्या : मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ट्रॉलीच्या पत्र्यावर माती आणि ऑइलचा थर असतो. आधी तारेचा ब्रश, मग रॉकेलचा बोळा, मग कोरडं फडकं. पट्टी मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत न्यायची, आत हवा राहिली तर पाणी शिरतं. थंडीत गोंद धरत नाही, म्हणून मी रोल गाडीच्या बॉनेटवर ठेवून गरम करत होतो. सोबतचे काही जण नुसतं धूळ झटकून चिकटवत होते. तसली पट्टी पोळ्यापर्यंतही टिकत नाही. माझी टिकली. मला त्याचा अभिमान होता, म्हणूनच त्या पहाटे पाय लटपटले.

कारण मी ती फाळक्याच्या वरच्या काठावर लावली होती. तिथला पत्रा जरा स्वच्छ होता, शिवाय ग्रुपवर फोटो टाकायचा असायचा आणि त्यात बॅनर, माणसं, पट्टी सगळं यायला हवं होतं. आणि ट्रॉली तेव्हा कापूस उतरवून बाहेर पडलेली, रिकामी होती. भरल्यावर मागं काय दिसेल, हे सत्तर ट्रॉल्यांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. अहवालात मात्र सत्तरच्या सत्तर मोजल्या गेल्या.

मग जागेवरूनच आयरॅडची नोंद केली. अपघात नोंदवायचं केंद्राचं हे ॲप 2021 मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक सुरू झालं, त्यात महाराष्ट्र होता. जागा फोनच्या जीपीएसवरून बसते, म्हणून नोंद घटनास्थळीच करायला हवी. नोंद करताना मनात आकडा आला : या फाट्यावरचा पाचवा. राष्ट्रीय महामार्गाच्या 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅकस्पॉट ठरते. ठरली की दिवे, रम्बल स्ट्रिप, फाट्याचं काम, यासाठी निधी मागता येतो. पोराची मांडी मोडलेली, म्हणजे गंभीर दुखापत. कोणाचा तरी मुलगा यवतमाळला मेडिकलला पोचायचा होता आणि मी बोटं मोजत होतो. हे लिहितानाही लाज वाटते, पण मोजायला तर हवंच होतं.

सकाळी पोर्टलवर पाहिलं तर फाट्यावर तीनच अपघात. आधीच्या चारपैकी दोन ठाण्याच्या आवारात झालेले दिसत होते. नोंद ठाण्यात बसून केलेली. त्यातली एक श्रावणातल्या पावसात मीच केली होती, बूट काढून, चहा घेत. त्या फाट्यावर आजही दिवा नाही, त्यात माझाही वाटा आहे. दोन्ही गुन्ह्यांचे पंचनामे काढले, त्यांतल्या किलोमीटरच्या दगडावरून जागा दुरुस्तीसाठी पत्र पाठवलं. एक दुरुस्त झाली आहे. दुसऱ्यासाठी दर सोमवारी फोन करतो.

पंचनामा लिहिताना साहेब म्हणाले, "रिफ्लेक्टर नव्हता असं लिही, केस सरळ होईल." माणूस वाईट नाही, पण फाइल लवकर हलावी एवढंच त्यांना दिसतं. मला ते जमलं नाही. शेतकऱ्यावर गुन्हा दाखल झालाय, आणि रस्ता अडवून अंधारात उभं राहिल्याबद्दल तो व्हायलाच हवा होता. पण त्यानं पट्टी काढली नव्हती. आम्ही लावून दिली तिथंच त्यानं वर्षभर सांभाळली होती.

मी टेप लावून मोजलं आणि लिहिलं : मागील फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी आहे, सुस्थितीत, जमिनीपासून 4 फूट 2 इंच, ताडपत्रीच्या लोंबत्या भागाखाली पूर्ण झाकलेली.

पोरगं आता कुबडीवर चालतं. यंदाच्या अभियानात मी पट्टी चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर लावतो, ताडपत्री पोचत नाही तिथं. त्यासाठी चिखलात पाठीवर झोपावं लागतं. बॅनरसोबतच्या फोटोत ती येत नाही, म्हणून वेगळा फोटो वाकून काढतो. गेल्या वर्षीच्या सत्तरपैकी एकोणीस ट्रॉल्या आतापर्यंत पुन्हा सापडल्या आहेत.